टाइप वन डायबिटीस, ताण आणि मालिश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाइप वन असलेल्या मुलांचे आईवडील, आणि आता स्वतः कॉलेजात किंवा नोकरीत असलेली टाइप वनची मंडळी मालिशबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मी डॉक्टर नाही. टाइप वन असलेल्या मुलीची आई आहे आणि पालकांच्या एका गटात बरीच वर्षं काम करते. इन्सुलिनच्या डोसचे आकडे इथे मिळणार नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

मालिश केल्याने शुगर खरंच उतरते का?

कधी थोडी उतरते, कधी काहीच फरक पडत नाही. उतरली तरी ती तेवढ्यापुरती. टाइप वनमध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी नष्ट करते आणि इन्सुलिन तयार होणं थांबतं. मेलेल्या पेशी चोळून जाग्या होत नाहीत. त्यामुळे मालिशकडे शुगरचं औषध म्हणून पाहू नका. ताण हलका करायला ती नक्की कामाची आहे आणि माझ्या मते ती करावी, पण त्याची कारणं वेगळी आहेत. ती पुढे येतीलच.

मालिश नियमित केली तर इन्सुलिन कमी किंवा बंद करता येईल का?

बंद तर कधीच नाही. टाइप वनमध्ये इन्सुलिन थांबलं की काही तासांत रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, वाढायला लागतात. एकदोन दिवसांत माणूस अतिदक्षता विभागात पोचतो, आणि वेळेवर पोचला नाही तर जीव जातो. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी या आजाराच्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवत असत, त्यापलीकडे कोणाच्या हातात काही नव्हतं. तेल तेव्हाही होतं आणि मालिशही होती.

‘आमच्याकडे कोर्स करा, सुया सुटतील’ असं कोणी सांगितलं तर तिथून उठून या. हे मी रागाने लिहीत नाही, काळजीने लिहिते आहे. नवीन निदान झालेल्या घरात आईवडील इतके हादरलेले असतात की अशा एका वाक्यावर विश्वास बसायला वेळ लागत नाही.

ताण आला की शुगर का वाढते? काही खाल्लेलंही नसतं.

भीती, राग, परीक्षा, भांडण, ताप यांतलं काहीही आलं की शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं सोडतं. यकृत साठवलेली साखर रक्तात ओतायला लागतं आणि त्याच वेळी इन्सुलिनचा असर कमी होतो. संकटातून पळायला स्नायूंना इंधन हवं, म्हणून ही सगळी सोय. ज्याला डायबिटीस नाही त्याचं स्वादुपिंड लगेच जास्तीचं इन्सुलिन सोडून हिशेब जुळवतं. टाइप वनमध्ये सकाळी जेवढं टोचलं तेवढंच इन्सुलिन अंगात असतं. त्यामुळे दहावीच्या गणिताच्या पेपरला काहीही न खाता बसलेल्या मुलीची शुगर १४० वरून २६० वर गेलेली दिसते, आणि घरी आल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘काय खाल्लंस?’ हा प्रश्न विचारू नका. विचारायचाच असेल तर ‘पेपर कसा गेला?’ हा विचारा.

सगळ्यांची शुगर वाढतेच असंही नाही. काहींची ताणात उतरते, कारण जेवण जात नाही आणि डोस मात्र नेहमीचा घेतलेला असतो.

ताणाची दुसरी वाट जास्त नुकसान करते. माणूस कंटाळतो. शुगर बघणं टाळतो, बोलस, म्हणजे जेवणाचा इन्सुलिनचा डोस, विसरतो, रात्री उठून डबा उघडतो, वहीत खोटे आकडे लिहितो. रोजचे हिशेब, ‘लो’ची म्हणजे शुगर फार खाली जाण्याची भीती, लोकांच्या नजरा या सगळ्याचा मिळून जो थकवा येतो त्याला डॉक्टर ‘डायबिटीस डिस्ट्रेस’ म्हणतात. तो मोजायला १९९५ पासून वीस प्रश्नांची एक प्रश्नावली वापरात आहे, तिला ‘पेड’ म्हणतात. तुमच्या डॉक्टरांकडे तिची चौकशी जरूर करा.

‘मालिशने मुलांची शुगर १५८ वरून ११८ वर आली’ असा मेसेज फिरतो. तो खरा आहे का?

आकडे खरे आहेत. मायामी विद्यापीठातल्या टच रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास केला आणि तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. आईवडिलांना मालिश शिकवली, त्यांनी महिनाभर रोज झोपताना वीस मिनिटं मुलांना मालिश केली आणि सरासरी शुगर १५८ वरून ११८ झाली. इथवर मेसेज बरोबर आहे.

मेसेजमध्ये गाळलेला भाग मात्र मला जास्त मोलाचा वाटतो. एक तर मुलं अगदी थोडी होती आणि काळ जेमतेम महिन्याचा. त्यावरून तीन महिन्यांच्या सरासरीबद्दल, म्हणजे एचबीए१सीबद्दल, काही सांगता येत नाही. दुसरं म्हणजे त्या महिन्यात मुलांचं इन्सुलिन आणि खाणं यांचं पथ्यही सुधारलं होतं. म्हणजे शुगर मालिशने उतरली, की मालिशमुळे घर शांत झालं, मूल डोसला कमी कुरकुरलं आणि त्यामुळे उतरली, हे वेगळं काढता येत नाही. मला दुसरी शक्यता मोठी वाटते. आणि तिसरं, मुलांची चिंता कमी झालीच, पण आईवडिलांचीही झाली. मालिश मुलांना मिळत होती आणि हलके मोठेही होत होते, हे त्या अभ्यासातलं मला सगळ्यात खरं वाटणारं निरीक्षण आहे.

नंतर इराणमध्येही मुलांवर असा एक अभ्यास झाला (२०११) आणि त्यातही शुगर उतरल्याची नोंद आहे, पण तोही लहानच. स्वीडनमध्ये टाइप टूच्या मोठ्या माणसांवर जो अभ्यास झाला त्यात एचबीए१सीवर मालिशचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही.

मालिशने कॉर्टिसोल कमी होतं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मग शुगर का नाही उतरणार?

कारण कॉर्टिसोल फारसं कमी होतच नाही. २०११ मध्ये मॉयर आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मालिशचा कॉर्टिसोलवरचा परिणाम अगदी किरकोळ निघाला. त्याच मॉयर यांच्या २००४ च्या पाहणीत मात्र पुन्हापुन्हा मालिश घेणाऱ्यांची चिंता आणि उदासी चांगली कमी झालेली दिसली होती. माणसाला बरं वाटतं हे खरं, पण ‘कॉर्टिसोल पडतं म्हणून’ हे कारण टिकत नाही. बरं वाटण्यासाठी रक्तातल्या आकड्याचा पुरावा कशाला हवा?

मग टाइप वनच्या मुलाला मालिश करावी की नाही?

करावी. माझं कारण सांगते.

आपल्या मुलांच्या अंगाला दिवसभर हात लागतो तो कामासाठी. बोट पुढे कर. शर्ट वर कर. मांडी मोकळी सोड, हलू नको. सेन्सर चिकटवायचाय, दंड पुसू दे. बोटांच्या कडांवर टोचल्याचे बारीक काळे ठिपके असतात, पोटावर कुठे हिरवानिळा डाग, दंडावर जुन्या सेन्सरच्या, म्हणजे सतत शुगर मोजणाऱ्या चकतीच्या, गोंदाचा मळकट गोल. आईचा हात जवळ आला की मूल नकळत अंग आक्रसून घेतं, कारण त्या हातात बहुतेक वेळा सुई असते. निदानाच्या वेळी मूल दीडदोन वर्षांचं असेल तर सुईविनाचा आईचा हात त्याला आठवतही नाही.

रात्री वीस मिनिटं काही न मागणारा हात पाठीवरून फिरला, तर हे हळूहळू बदलतं. आमच्याकडे मालिशच्या वेळी शुगरबद्दल बोलायचं नाही असा नियम आहे. आधी एकदा बघायची, मग मीटर ड्रॉवरमध्ये. त्या वेळात मुलगी शाळेतल्या ज्या गोष्टी सांगते, त्या जेवणाच्या ताटावर कधीच बाहेर येत नाहीत.

मालिशच्या आधी शुगर किती असावी?

आधी बघायची, संपल्यावर बघायची, आणि सुरुवातीचे काही आठवडे त्यानंतर तासा-दोन तासांनी पुन्हा. एवढं केलं की आपल्या मुलाच्या शरीराची तऱ्हा कळते. ७० च्या खाली असेल तर लो आहे, आधी तिचा उपाय. १०० च्या आसपास आणि खाली उतरत असेल तर थोडं काही खाऊन मगच आडवं व्हा. २५० च्या वर असेल तर कीटोन तपासा. कीटोन असतील, किंवा उलटी, पोटदुखी, धाप असं काही असेल तर मालिशचा विषय बंद करून डॉक्टरांना फोन करा.

एक बारीक गोष्ट. मालिश करणाऱ्याने आणि करून घेणाऱ्याने बोट टोचण्याआधी हात साबणाने धुवायचे. तेलकट बोटावर रक्ताचा थेंब धरत नाही, पसरतो. आणि बोटाला गूळ-साखर लागलेली असेल तर मीटर भलताच मोठा आकडा दाखवतो.

इन्सुलिन घेतल्यावर किती वेळाने मालिश करावी?

इथे थोडं तपशिलात जाते, कारण खरा धोका इथेच आहे. जिथे टोचलं ती जागा चोळली किंवा शेकली, की तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि इन्सुलिन नेहमीपेक्षा लवकर रक्तात जातं. टोचलेली जागा चोळल्यावर रक्तातली इन्सुलिनची पातळी बदलते हे १९८३ मध्येच एका अभ्यासात दाखवलं गेलं होतं. डोस तोच राहतो, पण तो आधी आणि जोरात लागू पडतो.

लिस्प्रो, अस्पार्ट यांसारखं झटपट इन्सुलिन साधारण पंधरा मिनिटांत काम सुरू करतं, एक ते दोन तासांत त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि तीन ते पाच तासांत ते ओसरतं. किंमत परवडते म्हणून अजूनही बरीच घरं साधं रेग्युलर इन्सुलिन वापरतात. त्याला सुरू व्हायला अर्धा तास, जोर दोन ते चार तासांत, आणि असर सहा ते आठ तास. तेव्हा जेवणाच्या डोसनंतर लगेच मालिश नको, निदान दोन तास जाऊ द्या. रेग्युलर असेल तर त्याहून जास्त. आणि त्या दिवशी टोचलेली जागा, मग ती मांडी असो, पोट असो की दंड, पूर्ण सोडून द्या. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन मांडीत घेतलं असेल तर त्या रात्री पाठ, खांदे आणि हात एवढंच करा. टोचलेली जागा चोळू नका असं इन्सुलिनच्या पेनांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, ते याचसाठी.

मालिश चालू असताना लो झाली तर कळेल कसं?

कळायला कठीण जातं, म्हणूनच सांभाळायचं. लोची लक्षणं म्हणजे घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड, गुंगी. मालिशच्या टेबलावर माणूस तसाही गुंगीत असतो, गरम तेलाने घाम आलेला असतो आणि तो डोळे मिटून गप्प पडलेला असतो. मालिश करणाऱ्याला वाटतं, छान झोप लागली.

म्हणून दर दहा मिनिटांनी एक साधा प्रश्न विचारायचा आणि धड उत्तर येतंय का ते बघायचं. तोंडात बोलणं अडखळलं, उत्तर विचित्र आलं, अंग गार आणि ओलं लागलं तर थांबून शुगर बघा. बघायला साधन नसेल तर लो धरूनच चाला. मोठ्या माणसाला १५ ग्रॅम साखर द्या, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, ७० च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. लहान मुलांना कमी पुरतं, त्याचं प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. पेढा, चॉकलेट, बिस्किट यांवर भागवू नका, त्यांतल्या तूप-लोण्यामुळे आणि पिठामुळे साखर चढायला वेळ लागतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, घरात ग्लुकॅगॉन (शुगर चढवणारं औषध) असेल तर द्या, आणि थेट रुग्णालयात न्या.

सेन्सर किंवा पंप लावलेला असेल तर?

सेन्सरच्या भोवती चार बोटं जागा कोरडी ठेवा. तेल गोंदाखाली शिरलं की चौदा दिवसांचा सेन्सर तिसऱ्या दिवशी हातात येतो आणि त्याची किंमत आपल्याला ठाऊक आहे. दुसरं, दंडावरचा सेन्सर अंगाखाली दाबला गेला की तिथला रक्तप्रवाह कमी होऊन तो खोटी लो दाखवतो. पालथं झोपवल्यावर अचानक ६० चा अलार्म वाजला तर आधी बोट टोचून खात्री करा. अर्थात लक्षणं असतील तर खात्री करत बसू नका, साखर द्या.

पंपाची, म्हणजे थोडं थोडं इन्सुलिन सतत सोडणाऱ्या यंत्राची, नळी काढून ठेवायची असेल तर तासाभरापेक्षा जास्त नको. पंपावरच्या माणसाच्या अंगात लांब पल्ल्याचं इन्सुलिन नसतंच, त्यामुळे नळी परत जोडायला विसरलं तर काही तासांत कीटोन सुरू होतात. मोबाइलवर गजर लावूनच पंप काढा.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला काय काळजी घ्यायची?

हा प्रश्न दर आश्विनात येतो आणि तो अगदी योग्य आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे शुगर बहुधा चढलेली असते, कारण पहाटे शरीर आपणहून कॉर्टिसोल आणि वाढीचं संप्रेरक सोडतं. ती बघून आई सवयीने करेक्शनचा, म्हणजे चढलेली शुगर उतरवायचा, डोस देते. मग आजी तिळाचं तेल लावून मांड्या-दंड चांगले रगडते, उटणं चोळते आणि कडकडीत पाण्याने न्हाऊ घालते. म्हणजे टोचलेल्या जागेला चोळणं आणि उष्णता दोन्ही एकदम मिळतं, फराळाला अजून अवकाश असतो, कारण देवपूजा, ओवाळणं, बाहेर फटाके. मुलगा अंगणात फटाके लावता लावता लो होतो आणि सगळ्यांना वाटतं, थंडीने कुडकुडतोय.

उपाय साधा आहे, क्रम बदलायचा. उठल्यावर शुगर बघा. अगदीच जास्त नसेल तर करेक्शन आंघोळीनंतर आणि फराळाच्या डोससोबत घ्यायचं का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आधी टोचावंच लागलं तर ती जागा आजीला दाखवा, ‘इथे तेल नको’ म्हणून. पाणी कोमट ठेवा. फराळाचा डोस ताट समोर आल्यावर. चकली, करंजी आणि अनारसे यांत पिठाबरोबर तळणाचं तूप-तेलही असल्याने शुगर दोन-तीन तासांनी सावकाश चढते, तेव्हा तासाभराने बरी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका.

पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं असेल आणि पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर चप्पल घालून फोडा. देव रागावत नाही.

काशाच्या वाटीने तळपाय घासले तर चालतात का? तेल काळं होतं म्हणजे शरीरातली उष्णता निघते ना?

तेल काळं होतं ते धातूमुळे. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तेला-तुपातली आम्लं आणि घाम यांचा तांब्याशी संयोग होऊन काळपट थर तयार होतो. उष्णता, विष किंवा साखर बाहेर येत नाही.

पण तळपायाला हलक्या हाताने वाटी फिरवली की छान झोप येते, हा अनुभव खरा आहे, आणि पायाची त्वचा धड असेल, संवेदना शाबूत असेल तर हरकत काही नाही. अट एवढीच की आधी तळवे उजेडात बघायचे, भेगा, फोड, कुरूप, जखम काही आहे का. असेल तर वाटी नको. बोटांच्या बेचक्यात तेल राहू द्यायचं नाही, तिथे ओल राहून बुरशी होते. तेल कोमट केलं असेल तर ज्याची संवेदना चांगली आहे त्याने मनगटावर घेऊन बघायचं. नसांवर परिणाम झालेल्या माणसाला चटका बसलेला कळत नाही, दुसऱ्या दिवशी फोड दिसतो. निदानाला पाच वर्षं झाली की दरवर्षी पायांची संवेदना तपासून घ्यावी, डॉक्टर एका बारीक नायलॉनच्या तंतूने ती पाच मिनिटांत बघतात. यात्रेत आणि मॉलमध्ये तळपाय घासायची यंत्रं असतात, ती टाइप वनच्या माणसाने टाळावीत. किती जोर लागतोय त्यावर कोणाचंच लक्ष नसतं.

कोणतं तेल चांगलं?

जे त्वचेला मानवतं ते. खोबरेल, तिळाचं, बदामाचं. शुगर उतरवणारं तेल म्हणून जे विकतात ते घेऊ नका.

पंचकर्म केलं तर चालेल का?

नुसता अभ्यंग म्हणजे तेल लावणं वेगळं आणि पूर्ण पंचकर्म वेगळं. त्यात वमन-विरेचन असतं, खाण्यावर मर्यादा असते, पेटीत बसवून वाफ देतात. उलट्या-जुलाब आणि कमी खाणं यांनी नेहमीचा डोस जास्त होतो, आणि डोस सोडला तर कीटोन. वाफेने इन्सुलिन लवकर शोषलं जातं. माझ्या ओळखीतल्या एका कॉलेजच्या मुलाला एका केंद्रात ‘दोन दिवस इन्सुलिन घेऊ नका, औषधाचा परिणाम बघायचाय’ असं सांगितलं गेलं. त्याने घरी फोन केला म्हणून निभावलं. तेव्हा डायबिटीसच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि ते केंद्र त्यांच्याशी बोलायला तयार असल्याशिवाय पंचकर्म नको. शिरोधारा, पाठीचा अभ्यंग याला अडचण नाही.

टोचून टोचून मांडीवर गाठी आल्या आहेत. त्या मालिशने जिरतील का?

नाही. त्याच त्या जागी टोचल्याने तिथे चरबी वाढून रबरी उंचवटा होतो. तिथे दुखत नाही म्हणून मुलं मुद्दाम तिथेच टोचून घेतात आणि मग इन्सुलिन कधी लागू पडतं, कधी नाही. ती जागा काही महिने पूर्ण सोडली आणि रोज जागा बदलली तर गाठी हळूहळू ओसरतात. मालिशचा इथे वेगळाच फायदा आहे. डोळ्यांना न दिसणारी गाठ तेलाच्या हाताला लागते. ती लागली की जागा लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागल्यावर तोच डोस जास्त लागू पडतो, त्यामुळे डोस कमी करावा लागू शकतो.

वीस वर्षं टाइप वन आहे. हात आणि खांदे आखडलेत. मालिशने सुटतील?

हात जोडून नमस्कार करून बघा. तळवे आणि बोटं एकमेकांना पूर्ण टेकत नसतील, मध्ये फट राहत असेल, तर ते बरीच वर्षं वाढलेल्या शुगरमुळे सांध्यांभोवतीच्या ऊती ताठ झाल्याचं लक्षण असू शकतं. खांदा आखडणंही टाइप वनमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतं. मालिशने दुखणं हलकं होईल, पण खांदा मोकळा व्हायला फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम लागतात. जोर लावून ओढाताण करणाऱ्याच्या हाती खांदा देऊ नका. आणि खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायची वेळ आली तर नंतरचे काही दिवस शुगर चांगलीच चढते, त्याची तयारी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

मालिश कधी अजिबात नको?

ताप, कीटोन, ताजी लो, त्वचेवर संसर्ग किंवा जखम असताना. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर रक्ताची गुठळी असू शकते, तिथे हातही लावू नका. डोळ्यांच्या पडद्यात नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा लेसर झालं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून.

बाहेर मालिश घ्यायची असेल तर काय सांगायचं?

लपवू नका. एवढं पुरतं : ‘मला टाइप वन डायबिटीस आहे, मी इन्सुलिन घेते. आज इथे टोचलंय, इथे दाब नको. हा सेन्सर आहे, इथे तेल नको. मी नीट बोलेनाशी झाले तर पर्समधलं ग्लुकोज पाण्यात घालून मला द्या आणि या नंबरवर फोन करा.’ हे ऐकून जो माणूस दोन प्रश्न विचारतो त्याच्याकडे मालिश घ्या. जो ‘काही होत नाही हो’ म्हणतो त्याच्याकडे नको. दुखण्यासाठी जात असाल तर नोंदणी असलेला फिजिओथेरपिस्ट गाठा.

मुलगा चौदा वर्षांचा आहे, अंगाला हात लावू देत नाही.

मग लावू नका. इतकी वर्षं त्याच्या अंगाबद्दलचे निर्णय दुसऱ्यांनी घेतलेत, आता नाही म्हणायचा हक्क त्याचा आहे. ‘डोक्याला तेल लावून देऊ?’ असं एखाद्या रविवारी विचारा. पुष्कळदा चंपीला होकार येतो, मग मान, मग खांदे. नाही आला तर वडिलांनी किंवा मोठ्या भावाने विचारून बघावं. तरी नाही तर नाही.

हॉस्टेलवर किंवा परदेशात एकटे असलेल्यांनी काय करावं?

स्वतःचे तळहात, बोटांची पेरं, मान आणि पोटऱ्या स्वतः चोळता येतात. टेनिसचा चेंडू पाठ आणि भिंत यांच्यामध्ये धरून सावकाश वरखाली झालात की खांद्यांमधला ताठा सुटतो. बोटांची टोकं रोज टोचून निबर झालेली असतात, झोपताना त्यांना खोबरेल चोळलं की बरं वाटतं. वर दिलेले शुगरचे नियम इथेही लागू, उलट जास्त कडक, कारण लो झाली तर शेजारी कोणी नसतं.

मालिशचा खरंच उपयोग होतोय हे कसं ओळखायचं?

महिनाभर वहीत लिहा. मालिशच्या आधीची शुगर, नंतरची, पहाटेची. झोप कशी लागली. डोसच्या वेळी भांडण झालं का. सेन्सर असेल तर ७० ते १८० या पट्ट्यात किती टक्के वेळ गेला ते आठवड्यामागून आठवडा बघा. बहुतेकांसाठी ७० टक्क्यांच्या वर हे लक्ष्य धरतात. पट्ट्यातला वेळ तोच राहिला पण मूल डोसच्या वेळी शांत बसायला लागलं आणि तुम्हाला झोप लागायला लागली, तर मालिश चालू ठेवा. मालिशच्या रात्रींनंतर पहाटेची शुगर पुन्हापुन्हा ७० च्या खाली दिसली तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. रात्रीचा डोस बदलायचा, त्याची वेळ बदलायची की मालिश संध्याकाळवर आणायची, हे ती पाहून ते सांगतील.